निवडण्याचे शिक्षण

मराठीत 'निवडणे' हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. गृहिणी तांदूळ निवडते, आजी मेथीची जुडी निवडते, सोनार हिरा निवडतो आणि गाव आपला सरपंच निवडते. पहिल्या दोन ठिकाणी निवडणे म्हणजे मिसळलेल्यातून वेगळे करणे. शेवटच्या दोन ठिकाणी निवडणे म्हणजे अनेकांतून एक पसंत करणे. इंग्रजीत या दोन क्रियांस दोन निराळे शब्द आहेत. मराठीने त्या एकाच शब्दात बांधल्या, हे आम्हांस शब्दांच्या दारिद्र्याचे लक्षण वाटत नाही. जो वेगळे करतो तो कशावरून तरी वेगळे करतो, आणि ते 'कशावरून' ठरविणे हीच खरी पसंती होय. तीन ते सहा वर्षांच्या मुलांस वस्तूंची वर्गवारी करावयास शिकविणे हा आज प्रत्येक बालवाडीच्या कार्यक्रमाचा एक भाग होऊन बसला आहे. तो तेथे कसा आला, आणि ते 'कशावरून' ठरविण्याचा अधिकार गेल्या सव्वादोनशे वर्षांत कोणाकडून कोणाकडे गेला, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय परदेशी विद्वानांच्या नावांनी भरलेला असला तरी त्याचे मूळ आपल्या अंगणात आहे. म्हणून आरंभ अंगणापासूनच करू. रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे मुंबई-गोवा हमरस्त्यावरचे आणि आता कोकण रेल्वेवरचेही गाव. सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांमुळे भोवतालच्या खेड्यांतील मुले तेथे शिकावयास येतात. गावाची दुसरी ओळख काताची. खैराच्या लाकडाची साल व बाहेरचा पांढुरका भाग काढून टाकून आतला तांबूस गाभा तेवढा उकळावयाचा, तेव्हा कात मिळतो. म्हणजे या धंद्याची पहिली पायरी निवडण्याचीच. घरात पाहावे तर तेच. सुपात तांदूळ पाखडला की फोल पुढे उडते, दाणा मागे राहतो. मग कणी वेगळी, खडा वेगळा, न सडलेले भात वेगळे. आंबा उतरला की पिकाऊ, कच्चा व डागी असे तीन ढीग होतात. काजूच्या कारखान्यात अख्खा गर, पाकळी आणि तुकडा हे तीन वर्ग तर असतातच. शिवाय अख्ख्या गरांत '३२०' या क्रमांकाची एक प्रत असते, तिचा अर्थ एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस गर बसतात इतकाच. कोकणातील मूल शाळेचे तोंड पाहण्यापूर्वी आईच्या मांडीशी बसून हे सर्व पाहत असते आणि हाताला येईल तितके करीतही असते.

मुलांच्या खेळांतही निवड आहेच. वैशाखात करवंदे फोडून 'कोंबडा की कोंबडी' विचारण्याचा खेळ कोणा मराठी वाचकाने खेळला नसेल? आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. फळाच्या बाह्य रूपावरून काही कळत नाही, ते फोडून आतील एका गुणावरून त्याचा वर्ग ठरवावयाचा, ही कल्पना चार वर्षांच्या मुलास येथे कोणी मुद्दाम शिकवीत नाही. मग असा प्रश्न सहज उत्पन्न होतो की, जे घरी व रानात आपोआप शिकले जाते ते शिकविण्यास बालवाडी हवी कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सावर्ड्यापासून फार दूर, फ्रान्समधील एका रानटी मुलाच्या हकीकतीत सापडते.

इ. स. १८०० च्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतात सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा रानातून बाहेर आला. त्यास भाषा नव्हती, वस्त्रे नव्हती, माणसाची ओढ नव्हती. त्यास प्रथम न्याहाळणारा बोनातेर हा सृष्टिविज्ञानाचा अध्यापक होता. त्याने नमूद केलेली एक गोष्ट आमच्या विषयास फार उपयोगी आहे. वाळलेल्या घेवड्याच्या शेंगा पुढे ठेवल्या की हा मुलगा एकेक शेंग अंगठ्याने दाबून उघडी. चांगला दाणा भांड्यात टाकी, बुरसटलेला व डागी दाणा फेकून देई, निसटलेला दाणा शोधून परत आणी आणि रिकाम्या टरफलांचा ढीग नीट रचून ठेवी. म्हणजे ज्यास शब्द म्हणून एक ठाऊक नव्हता त्यास निवडणे मात्र ठाऊक होते. पोटाच्या उपयोगाचे व निरुपयोगी हा भेद करण्यास शाळा लागत नाही, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

पुढे हा मुलगा पॅरिसच्या मुक्या-बहिऱ्यांच्या संस्थेत आला. पिनेल या थोर वैद्याने तो जन्मतःच मंदबुद्धी असून त्याच्यावर श्रम घेणे व्यर्थ आहे असा निर्वाळा दिला. परंतु इतार या तरुण डॉक्टराने तो मानला नाही. त्याने मुलाचे व्हिक्टर असे नाव ठेवून त्यास शिकविण्याचे व्रत घेतले. आरंभी त्याने फळ्यावर वस्तूंच्या आकृती काढून त्या त्या आकृतीवर ती ती वस्तू टांगावयास लाविली. हे व्हिक्टरला जमले. नंतर त्याने एका पाटीवर तांबडे वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन चिकटवून त्यांच्या जोडीचे तुकडे त्यास दिले. तेही जमले. मग इतारने खरी परीक्षा घेतली: आकार निरनिराळे पण रंग एकच, अगर रंग निरनिराळे पण आकार एकच. आता मात्र मुलगा गोंधळू लागला, आणि भेद जसजसे सूक्ष्म होत गेले तसतसा तो चिडून तुकडे भिरकावू लागला. डागी दाणा क्षणात ओळखणारा हा हात येथे का अडला? कारण येथे खावयाचे काही नव्हते. गुण वस्तूपासून सोडवून नुसता गुण म्हणून पाहावयाचा होता. आकार म्हणजे काय, हे रंगाकडे दुर्लक्ष केल्यावाचून दिसत नाही. घरची निवड आणि शाळेची निवड यांच्यातील सीमारेषा ती हीच. इतारने आपले दोन वृत्तांत १८०१ व १८०६ मध्ये सादर केले. व्हिक्टर बोलावयास शिकला नाही. परंतु एका वेळी एकच गुण बदलावा, बाकीचे कायम ठेवावे, ही शिकविण्याची युक्ती त्याच्या निमित्ताने जगास मिळाली.

इतारचा शिष्य सेगँ याने ती युक्ती मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेल्या मुलांसाठी वाढविली आणि १८४६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास जर्मनीत फ्रोबेल सर्वसामान्य मुलांसाठी दुसऱ्या वाटेने चालला होता. १८४० साली त्याने आपल्या शाळेस 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांचा बगीचा, असे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, घन व नळकांडे, मग आठ लहान घनांत दुभागणारा मोठा घन, अशा क्रमाने त्याची 'देणी' मुलांच्या हाती येत. फ्रोबेलच्या मनात या वस्तूंना गूढ अर्थ होता, विश्वातील एकतेचे ते प्रतीक होते. तो अर्थ मुलांस कळला असेल असे आम्हांस वाटत नाही; परंतु घन स्थिर राहतो आणि गोल घरंगळतो, हे त्यांच्या बोटांस निश्चित कळले असले पाहिजे.

या दोन प्रवाहांचा संगम इटलीत झाला. मारिया मॉन्टेसरी १८९६ साली रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. वेड्यांच्या इस्पितळांत डांबलेली मंदबुद्धी मुले पाहून त्यांनी इतार व सेगँ यांचे ग्रंथ शोधून काढले, स्वहस्ते त्यांची इटालियन भाषेत नक्कल केली, आणि त्या साधनांनी मुलांस शिकवून त्यांतील काहींना सर्वसामान्य मुलांच्या परीक्षेस बसविले. ती मुले उत्तीर्ण झाली तेव्हा लोकांनी आश्चर्य केले. मॉन्टेसरीबाईंना मात्र निराळाच प्रश्न पडला: टाकून दिलेली मुले येथवर येतात, तर मग धडधाकट मुले इतकीच का राहतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची संधी त्यांना ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत मिळाली. चाळीतील आईबाप कामावर जात आणि मागे राहिलेली पन्नासेक मुले भिंती व जिने खराब करीत. म्हणून चाळीच्या मालकांनीच त्यांच्यासाठी एक खोली दिली होती.

त्या खोलीत निवडण्याच्या शिक्षणास शास्त्राचे रूप आले. लाकडी ठोकळ्यात दहा दट्टे. फरक केवळ जाडीचा अगर केवळ उंचीचा. एक दट्ट्या चुकीच्या खोबणीत गेला की अखेरीस एक दट्ट्या हातात उरतो आणि त्यास घर सापडत नाही. चूक बाईंनी दाखवावी लागत नाही, लाकूडच ती दाखविते. रंगांच्या पट्ट्यांत आरंभी तांबडा, पिवळा व निळा यांच्या तीन जोड्या. पुढे अधिक रंग. शेवटी एकाच रंगाच्या गडदपासून फिकटपर्यंतच्या छटा क्रमाने मांडावयाच्या. डोळे बांधून केवळ स्पर्शाने वस्तू वेगळ्या करण्याचाही एक पाठ असे, आणि मुले मका, गहू व तांदूळ यांचे दाणे असे ओळखू लागली, हे मॉन्टेसरीबाईंनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात कौतुकाने लिहून ठेविले आहे. सावर्ड्याच्या आजीस यात कौतुक वाटले नसते. तथापि दोन्ही ठिकाणचा फरक विसरता कामा नये. आजी खडा काढते तो भात शिजवावयाचा म्हणून. रोममधील मूल दाणे वेगळे करते ते वेगळेपण जाणण्यासाठी. पहिल्यात निवड संपली की काम संपते; दुसऱ्यात निवड हेच काम होय.

हिंदुस्थानात हा विचार आधी गुजरातेत रुजला. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. त्यांना पुढे जी सहकारी मिळाली ती मराठी होती. ताराबाई मोडक यांचा जन्म मुंबईत १८९२ साली झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्रमुखपदावर त्या काही काळ होत्या. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरच्या बालमंदिरात रुजू झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३३ साली शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती निघाली आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. १९३९ च्या नोव्हेंबरात स्वतः मॉन्टेसरीबाई मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. महायुद्धात इटली शत्रुपक्षास मिळाल्यामुळे त्यांना १९४६ पर्यंत या देशातच राहावे लागले. त्यांच्या वर्गांतून शेकडो शिक्षक तयार झाले आणि शहरांतील सुखवस्तू घरांत 'मॉन्टेसरी' हा शब्द प्रचलित झाला.

परंतु त्या शब्दाबरोबर मॉन्टेसरीबाईंच्या लाकडी पेट्याही आल्या. नेमक्या मापाचे दट्टे, दहा गुलाबी घनांचा मनोरा, तासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्या: हे सारे कुशल सुताराकडून करवून घ्यावयाचे तर खर्च मोठा. दादरच्या हिंदू कॉलनीत तो परवडला. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील खेड्यात तो परवडणे शक्य नव्हते. रोममध्ये जी पद्धत मजुरांच्या मुलांसाठी जन्मली ती आपल्याकडे येईतो सधनांची झाली होती, हा इतिहासाचा एक विपर्यासच म्हणावयाचा. ताराबाईंना तो बोचला असला पाहिजे, कारण १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहरातील स्थिरस्थावर झालेले काम मागे ठेवून त्या बोर्डीस गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले.

बोर्डीस दोन अडचणी होत्या, आणि दोन्हींच्या उत्तरांतून काही नवे निर्माण झाले. पहिली अडचण साधनांची. तिचे उत्तर शिंपले, खडे, बिया, पाने, फुले व काटक्या यांनी दिले. दुसरी अडचण मुलांची. आदिवासी पाड्यांतील व त्या वेळी ज्यास हरिजनवाडा म्हणत तेथील मुले मध्यवर्ती बालवाडीत येत ना. घरी धाकटे भावंड सांभाळावयाचे, आईबाप कामावर गेलेले. शिवाय वाडा आणि गाव यांमधील अंतर केवळ पावलांनी मोजण्यासारखे नव्हते. तेव्हा ताराबाईंनी ठरविले की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. अंगणवाडी ती हीच. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळा कुरणातही गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रास अंगणवाडी हेच नाव लाभले, आणि आज तो शब्द देशभर सर्वांच्या तोंडी आहे.

शिंपले आणि बिया यांना सामान्यतः 'स्वस्त पर्याय' म्हणण्याची रीत आहे. आमच्या मते त्यांचे महत्त्व याहून निराळे आहे. दट्ट्यांच्या ठोकळ्यास उत्तर एकच असते. ते सुताराने आधीच कोरून ठेविलेले असते. मुलाने ते शोधून काढावयाचे. परंतु मूठभर चिंचोके, सागरगोटे, काजूबिया व शिंपले मुलापुढे ओतले तर उत्तर कोठेच कोरलेले नसते. रंगावरून ढीग करता येतात, आकारावरून येतात, गुळगुळीत व खरखरीत असे येतात, पाण्यात तरंगणारे व बुडणारे असेही येतात. येथे मुलास केवळ वेगळे करून भागत नाही. कशावरून वेगळे करावयाचे हे प्रथम त्यानेच ठरवावे लागते. आजीच्या सुपात तो निकष आजी ठरविते, मॉन्टेसरींच्या पेटीत पेटी ठरविते. बियांच्या ढिगात प्रथमच तो मुलाकडे येतो. बोर्डीच्या दारिद्र्यातून आलेले साधन असे श्रीमंत साधनाहून एका बाबतीत सरस ठरले.

याचा अर्थ मॉन्टेसरींची पेटी टाकाऊ असा नव्हे. ज्या मुलास 'जाड' व 'उंच' यांतील भेदच अद्याप दिसलेला नाही त्यापुढे शंभर गुणांच्या बिया ओतल्या तर ते केवळ गोंधळेल. एका गुणावर डोळा स्थिर करण्याचे काम ती पेटी उत्तम करते. आधी एकसारख्याची जोडी लावणे, मग एका गुणावरून दोन ढीग करणे, मग आपल्या मनाने गुण शोधून ढीग करणे, आणि शेवटी तेच ढीग मोडून दुसऱ्या गुणावरून पुन्हा करणे, हा क्रम आम्हांस युक्त वाटतो. यांतील शेवटची पायरी सर्वांत अवघड, आणि बहुधा तीच गाळली जाते.

ती अवघड का, हे मानसशास्त्राने नंतर उलगडून दाखविले. जिनिव्हाचे पियाजे व त्यांच्या सहकारी इनहेल्डर यांनी १९५९ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की तीन-चार वर्षांच्या मुलास 'सारख्या वस्तू एकत्र ठेव' म्हटले तर ते चौकोनावर त्रिकोण ठेवून घर करते. वर्ग करावयाचा म्हणून त्याने हात घातला, पण होता होता चित्र झाले. पुढे ते खरोखर सारखेपणावरून ढीग करू लागते. तथापि लहान वर्ग मोठ्या वर्गात सामावतो हे सातव्या-आठव्या वर्षापर्यंत त्याच्या ध्यानात येत नाही. परडीत सात अबोलीची व तीन मोगऱ्याची फुले ठेवून पाच वर्षांच्या मुलीस विचारावे की अबोलीची फुले जास्त की फुले जास्त. ती बहुधा 'अबोलीची' म्हणेल. तिला मोजता येत नाही असे नव्हे. अबोली एकाच वेळी अबोलीही आहे आणि फूलही आहे, हे दोन्ही तिला अद्याप एकत्र धरता येत नाही. अशा मुलीस उत्तर पाठ करवून घेण्यात अर्थ नाही. तिला फुले पुष्कळ हाताळू द्यावी.

रशियाच्या लुरिया या मानसशास्त्रज्ञाचा अनुभव त्याहून उद्बोधक आहे. १९३१ व १९३२ साली त्याने मध्य आशियातील उझबेक खेड्यांत शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका अशी चार चित्रे ठेविली व न जुळणारे एक काढावयास सांगितले. शाळा शिकलेल्यांनी ओंडका काढला, कारण बाकीची हत्यारे. निरक्षर शेतकऱ्यांनी काहीच काढण्याचे नाकारले: ओंडक्यावाचून करवतीचा उपयोग काय? दुसऱ्या एकाने ओंडका काढला होता असे सांगितले तेव्हा, त्याच्या घरी सरपण पुष्कळ असेल, अशा आशयाचे उत्तर मिळाले. हे उत्तर हसण्यासारखे नाही. तो माणूस निवडू शकत नव्हता असे नव्हे. तो वापरावरून निवडीत होता, आणि त्याच्या जगात तोच निकष खरा होता. एक-दोन वर्षांच्या शिक्षणाने मात्र त्याच खेड्यांतील लोकांस दुसरा निकषही दिसू लागला. शाळेने दिले ते इतकेच: एका निकषाच्या ठिकाणी दोन. परंतु हे 'इतकेच' थोडे नाही.

ते थोडे का नाही, हे पाहावयास पुन्हा आपल्या भाषेकडे वळावे लागते. वर्ग या अर्थी आपला जुना शब्द 'जाति'. न्यायशास्त्रात जाति म्हणजे सामान्य, अनेक घटांत एकच असणारे घटत्व. आंब्याची जात, भाताची जात असे आपण त्याच अर्थाने म्हणतो. आणि त्याच शब्दाने आपण माणसेही निवडून ठेविली. आंब्याची जात त्याच्या रसावरून व सालीवरून कळते. माणसाची जात मात्र करवंद फोडूनही कळत नाही, ती आधी सांगितलेली असावी लागते. हा निकष कोणी ठरविला, केव्हा ठरविला आणि तो मोडून दुसरा ढीग करता येतो की नाही, हे विचारण्याची सोय त्या निवडीत नव्हती. बोर्डीच्या वाड्यातील मुले बालवाडीत का येत नव्हती याचे एक कारण हेच होते. ज्या अंगणात ताराबाई व अनुताई बियांचे ढीग करावयास शिकवीत होत्या त्या अंगणाची जागाच एका जुन्या निवडीने ठरविलेली होती.

बालशिक्षणाच्या या इतिहासात माणसांची निवड सारखी डोकावत राहते. पिनेलने व्हिक्टरला निरुपयोगी दाण्यांच्या ढिगात टाकले होते. इतारने त्यास तेथून उचलले. मॉन्टेसरीबाईंची पहिली मुले वेगळी काढून कोंडलेलीच होती. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने यांनी ज्या मुलांस अधिक मदतीची गरज आहे ती ओळखण्यासाठी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. पुढे इतर देशांत तीच श्रेणी मुलांस वरच्या-खालच्या पंक्तीस बसविण्याकडे वापरली गेली. आणि आपल्याकडे? पूर्वप्राथमिक शाळेच्या प्रवेशास आलेल्या तीन वर्षांच्या मुलापुढे रंगीत ठोकळे टाकून 'लाल वेगळे कर' म्हणावयाचे, आणि त्याने ते केले की नाही यावरून त्यासच आत अगर बाहेर ठेवावयाचे, ही चाल शहरांत चांगलीच बोकाळली. निवडावयास शिकविण्याची साधने मुले निवडण्याच्या कामी आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. कायद्यास ही मनाई करावी लागली, यातच चालीचे बळ दिसून येते.

म्हणून बालवाडीतील बियांचा ढीग आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत म्हणून मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला, हे चांगलेच झाले. परंतु धोरणाचा कागद आणि मुलाचा हात यांच्यामध्ये बहुधा छापील चित्रांची वही येऊन बसते. तिच्यात फळे एकीकडे व भाज्या दुसरीकडे जोडावयाची असतात; उत्तर शेवटच्या पानावर असते. सुताराच्या खोबणीत निदान दट्ट्या अडत तरी असे. येथे चूक झाली तर कागद काहीच बोलत नाही, बाईंची तांबडी खूण तेवढी बोलते. दोनशे वर्षांत जो निकष हळूहळू मुलाच्या हाती आला होता तो अशा वहीने पुन्हा मोठ्यांच्या हाती जातो.

सावर्ड्यासारख्या गावात तर या वहीची मुळीच गरज नाही. चिंचोके, काजूबिया, सागरगोटे, फणसाच्या आठळ्या, खैराच्या व आंब्याच्या पानांचे नमुने हे सर्व अंगणाच्या कडेला पडलेले आहे. शिंपले हवे असल्यास गुहागरचा किनारा दूर नाही. पथ्ये दोन पाळावी. अगदी लहान मुलांच्या हाती नाकात, कानात वा घशात जातील असे बारीक दाणे एकटे देऊ नयेत, आणि गुंजा दिसावयास कितीही सुंदर असल्या तरी विषारी म्हणून त्या वर्ज्य कराव्या. बाकी घरातील काम व शाळेतील काम यांत भिंत घालण्याचे कारण नाही. आजीने तांदूळ निवडताना नातवास जवळ घ्यावे. खडा का काढला हे त्यास विचारावे. बालवाडीच्या ताईंनी त्याच नातवास बिया देऊन ढीग करू द्यावे आणि 'बरोबर' की 'चूक' म्हणण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे कशावरून केलेस, बाळ? त्याने सांगितले की ढीग मोडावा आणि म्हणावे, आता दुसऱ्या कशावरून तरी करून दाखव.

कोणी म्हणेल की एवढ्याने समाजातील जुन्या निवडी मोडणार आहेत थोड्याच! आम्हीही तसे म्हणत नाही. त्या मोडण्यास कायदे लागले, चळवळी लागल्या आणि अद्यापि लागत आहेत. परंतु जो ढीग आपण स्वतः केला आणि स्वतःच मोडून दुसऱ्या रीतीने रचला, त्याची आठवण हातात राहते. अशा हाताचे मूल मोठे झाल्यावर त्यापुढे कोणी माणसांचे तयार ढीग आणून ठेविले तर 'कशावरून?' हा प्रश्न त्याच्या तोंडी येण्याचा संभव अधिक. बोर्डीच्या अंगणात ताराबाईंनी जे सुरू केले त्याचा हा अर्थ आहे असे आम्ही समजतो, आणि सावर्ड्यातील ज्या ज्या अंगणवाडीत आज मुलांपुढे चिंचोके ओतले जात असतील तेथे तो अर्थ सांभाळला जावा इतकीच आमची अपेक्षा आहे.